मामांच्या मापाची दोरी

"काय कॉलेज, खाली सगळं बरं हाय ना?"

मामा असं विचारायचे तेव्हा आवाज आधी यायचा आणि मामा नंतर. भर दुपारी मी ओट्यावर पुस्तक घेऊन बसलेली असायची, गल्लीत चिटपाखरू नसायचं आणि ओट्यावरच्या पत्र्याच्याही वरून, जिथून फक्त कावळ्यांनी बोलायचं, तिथून हा प्रश्न यायचा. मान वर करावी तर पत्र्याच्या कडेवर एक कपाळ आणि दोन डोळे. कुणीतरी आणून ठेवल्यासारखे. बाकीचा माणूस पत्र्याआड. एवढी वर्षं शेजारी राहूनही दर वेळी माझ्या हातातलं पुस्तक मिटायचं. मग मी म्हणायची, "बरंय मामा. वर काय म्हणतंय?"

"वर वारा हाय," मामा म्हणायचे.

तुम्ही नाशिकचे असाल तर तुम्हीही त्यांना पाहिलं असणार. उन्हाळी प्रदर्शनात आकाशपाळण्याच्या मागे एक निळा तंबू असायचा, 'जिवंत मनोरा' अशी पाटी लावलेला. नाहीतर एखाद्या लग्नाच्या हॉलच्या दारात काळी शेरवानी आणि फेटा घालून उभे असलेले. तुमच्या जुन्या मोबाइलमध्ये त्यांच्यासोबतचा फोटोही असेल. नीट बघा. त्यात तुम्ही हसताय, शेजारी शेरवानीची सोनेरी बटणं आहेत, आणि डोकं नाही. बहुतेक फोटोंत त्यांना डोकं नसायचं. मामांना ते माहीत होतं. "लोकांच्या खिशात मी बिनडोक्याचा फिरतोय," असं एकदा म्हणाले आणि हसले. मला मात्र त्या दिवसापासून ते चित्र डोळ्यांपुढून जाईना.

आमचं घर एकलहऱ्याच्या बाजूला, औष्णिक वीज केंद्राच्या राखेच्या भरावावर. आमची सगळी वस्तीच भरावावरची. अण्णा, म्हणजे माझे वडील, राखेच्या विटा करणाऱ्या कारखान्यात कामाला आणि आई तिथंच विटा रचायला. दोघं संध्याकाळी घरी यायचे तेव्हा भुवया पांढऱ्या असायच्या. राखेवर घर बांधलं की ते दर पावसाळ्यात थोडं खाली बसतं. मग फरशीला ओल येते. मग अण्णा गाडाभर राख आणून जमीन उचलायचे, वर मुरूम, त्यावर शेण. जमीन वर यायची, पण दार तिथंच राहायचं. म्हणजे दर वर्षी आमचं दार बोटभर बुटकं व्हायचं. मी चौथीत असताना अण्णा दारातून ताठ आत यायचे. मी दहावीला गेले तेव्हा वाकून यायला लागले. आम्हाला त्यात काही विशेष वाटत नसे. घरं खचतात, हे आम्हाला बाराखडीसारखं पाठ होतं. पुढं जे झालं ते समजायला हे लक्षात ठेवा.

आईला सही येत नव्हती, अण्णांना नावापुरती यायची. एक वर्ष असं गेलं की आई खोकल्यानं अंथरुणाला होती आणि आम्ही सकाळी फक्त चहात बुडवून भाकरी खायचो. त्याच वर्षी मी विहारातल्या अभ्यासिकेत बसून बारावी झाले आणि बीएस्सीला नाव घातलं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. हे मी कुठंही, कुणालाही सांगते, आणि सांगताना मान खाली घालत नाही. वस्तीतल्या पोरी मला 'शहाणी' म्हणत चिडवायच्या. मामांनी 'कॉलेज' असं नाव ठेवलं. तेच टिकलं.

मामा आमचे सख्खे मामा नव्हते. इगतपुरीकडच्या एका खेड्यातले. भातशेती थोडी, भाऊ दोन, आणि हे एकटे तिघांचं जेवायचे. सोळाव्या वर्षी उंचीनं सगळ्या गावाच्या वर गेले. भावानं एके दिवशी खेळ करणाऱ्या एका शेठला दाखवलं आणि शेठ त्यांना घेऊन आला. "भाऊ वाईट नाय. त्याला भात पुरंना," एवढंच मामा सांगायचे. आमच्या घराला लागून ट्रक दुरुस्तीचं एक बंद पडलेलं पत्र्याचं शेड होतं. त्याचं छत उंच म्हणून शेठनं त्यांना तिथं ठेवलं. तेव्हा त्यांचं वय पंचविशीच्या आसपास असेल. चेहरा पन्नाशीचा, जबडा रुंद, आवाज विहिरीतून आल्यासारखा, आणि गालावर दाढीचा एक केस नाही.

त्या शेडमध्ये मी पहिल्यांदा गेले तो दिवस आठवतो. आईनं कालवण दिलं होतं. आत पाऊल टाकलं आणि वाटलं, इथं कुणी राहत नाही. भिंतींवर काहीच नव्हतं. मग मान वर केली. सगळं वर होतं. कॅलेंडर वर, घड्याळ वर, कपड्यांची दोरी वर, कंगवा ठेवायची फळी वर. आरसाही वर. त्या आरशात मला मी दिसले नाही. फक्त छताचा पत्रा दिसला आणि त्यात एक भोक, भोकातून येणारं ऊन. माझ्या उंचीवर त्या घरात एकही वस्तू नव्हती. पाण्याखाली उभं राहावं आणि घर वर तरंगावं, तसं वाटलं.

"बस की," आवाज आला. बसायला काही नव्हतं.

आई त्यांना 'भाऊ' म्हणायची, ते आईला 'ताई'. सकाळ-संध्याकाळ भाकऱ्या झाल्या की आई हाक मारायची नाही. आमच्या भिंतीत वर एक झरोका होता, त्यातून एक हात आत यायचा. फक्त हात. मनगटापासून बोटांपर्यंत वीतभर नाही, दीड वीत. आई त्यावर भाकऱ्या ठेवायची, हात मागं जायचा. पाहुणे आले असतील तर किंचाळायचे. आई म्हणायची, "घाबरू नका, भाऊ हाय आमचा."

घरात यायचे ते क्वचित. आणि यायच्या आधी चौकटीच्या वरच्या लाकडाला तळहात लावून क्षणभर थांबायचे, ताप बघितल्यासारखे. "हिला इचारून घ्यावं लागतं," म्हणायचे. पहिल्या वर्षी मान वाकवून आत येत. पुढच्या वर्षी कंबर वाकवावी लागली. त्याच्या पुढच्या वर्षी गुडघे.

"घर लय खचलं या साली," अण्णा म्हणाले.

"खचलं," मामा म्हणाले.

"जमीन उचलली की आपण," आई म्हणाली.

  दार बुटकं होतंय, हे आम्हा सगळ्यांना दिसतच होतं.

आता माझी गोष्ट सांगते. मला ती सांगायला आवडत नाही. बीएस्सीच्या पहिल्या आणि दुसऱ्या वर्षीच्या सुट्टीत मी शेठच्या तंबूत माइकवर बोलायचं काम केलं. माझं मराठी स्वच्छ, आवाज खणखणीत. शेठ म्हणाला, "पोरगी शिकलेली हाय, लोकांना खरं वाटंल."

तंबूत उजेड कमी ठेवलेला असायचा. पडदा सरकला की मामा एका बुटक्या स्टुलावर, गुडघे छातीशी घेऊन बसलेले दिसायचे. लोक हसायचे. मग मामा उठायला लागायचे. त्यांची सगळी कला त्या उठण्यात होती. "उभा माणूस बघून लोक दोन मिनिटांत इसरतात," त्यांनी मला शिकवलं होतं. "उठताना दिसला तर इसरत नाय. मनात बारा मोजायचे. चारपर्यंत हसतात. सहाला गप होतात. नऊला बायका पोरं जवळ घेतात. बाराला पहिल्या रांगेतला कुणीतरी मागं सरकतो. तो सरकला की थांबायचं."

मी बाजूला उभी राहून पाहायची. खरंच बाराला कुणीतरी मागं सरकायचं. आणि तंबूत असं शांत व्हायचं की बाहेरच्या पाळण्याचं कुरकुरणं ऐकू यायचं. हा सगळा माणूस मला माहीत होता, माझ्या आईची भाकरी खायचा, तरी बाराव्या आकड्याला माझेही पाय मागं जायचे.

मग माप. शेठ प्रेक्षकांतल्या एकाला टेबलावर चढवायचा आणि शिंप्याचा टेप त्याच्या हातात द्यायचा. त्या टेपचं गुपित सगळ्या वस्तीला माहीत होतं. शेठनं तो मधून कापून पुन्हा शिवला होता. दर वर्षी आणखी थोडा कापायचा. म्हणून दर वर्षी आकडा वाढायचा, आणि मी माइकवरून ओरडायची, "बघा मंडळी, बघा! मागच्या वर्षीपेक्षा दोन इंच जास्त! हा माणूस अजून वाढतोय!"

मला वाटायचं, मी खोटं बोलतेय. रात्री झोप लागायची, कारण खोटं तर काय, जत्रेतलं खोटं.

त्याच सुमारास अण्णांनी मामांना खाट करून द्यायचं ठरवलं. जमिनीवर झोपून त्यांची पाठ धरायची. अण्णा कारखान्यातून बांबू आणि गवंड्यांची ओळंब्याची असते तसली पिवळी नायलॉनची दोरी घेऊन आले. म्हणाले, "भाऊ, आडवे व्हा. माप घेतो."

मामा उभेच राहिले.

"उभ्यानं घ्या की."

"उभ्याचं माप खाटंला काय कामाचं? आडवे व्हा."

"आडवं माप मेल्यावर घेतात, अण्णा," मामा म्हणाले. "तिरडीसाठी."

अण्णांनी शेडच्या जमिनीवर बांबू ठेवले. वर घड्याळ टिकटिकत होतं, दिसत नव्हतं. मग अण्णा म्हणाले, "तिरडीवर कुणी परत उठून बसलंय का? तुम्ही उठून बसायचंय, भाऊ. चला." मामा आडवे झाले. पडताना इतका वेळ लागला की उठतानाचे बारा आकडे मला उलटे ऐकू आल्यासारखे वाटले. मी डोक्याशी दोरी धरली, आईनं टाचेशी. अण्णांनी गाठ मारून ती कापली. खाट केली ती दोरीपेक्षा चार बोटं लांब. दोरी आमच्या घरी खिळ्याला टांगली गेली. ती तिथं लोंबताना बघून मला उगीच वाटायचं की मामा घरात आहेत आणि गप्प आहेत.

दुसऱ्या उन्हाळ्यातला एक खेळ संपला तेव्हा मामा पाणी पिताना म्हणाले, "एक बरं झालंय, कॉलेज. गर्दी कमी झाली."

"कमी कुठं? आज उभं राहायला जागा नव्हती."

"समोरचे दिसतात. बाजूचे गेले."

"कुठं गेले?"

"काय म्हाईत. मान वळवली की येतात. सरळ केली की जातात. दोन्हीकडून काळी भिंत पुढं सरकलीय." मग जरा थांबून म्हणाले, "बरं वाटतं. बघणारे निम्मे झाले."

मी हसले. गंमत करताहेत असं वाटलं. वस्तीतल्या बायका म्हणायला लागल्या, "लय माजलाय तो. शेजारी उभं राहून बोललं तरी बघत नाय." त्यांच्या पायाखाली एक कोंबडी मेली. खाटेच्या पायाकडच्या बांबूला त्यांच्या तळव्यांनी चकाकी आली. "बांबू आटला," अण्णा म्हणाले. चपला चांभाराकडून दोनदा वाढवून आणल्या. "पावसानं आकसल्या," मामा म्हणाले. प्रत्येक गोष्टीला आमच्याकडं उत्तर तयार होतं.

तिसऱ्या वर्षाला आमच्या प्राणिशास्त्राच्या मॅडमनी फळ्यावर मेंदू काढला. त्याच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी काढली. म्हणाल्या, "लहान वयात हिच्यावर गाठ आली तर माणसाची वाढ थांबत नाही. आणि हिच्या अगदी वरून डोळ्यांच्या नसा जातात. गाठ मोठी झाली की त्या दाबल्या जातात. पेशंटला समोरचं दिसतं, दोन्ही बाजूंचं दिसेनासं होतं."

सगळा वर्ग लिहून घेत होता. मी पेन खाली ठेवलं. मला आमचं दार दिसलं. मान, कंबर, गुडघे. आणि पहिल्यांदाच एक साधा हिशोब सुचला: घर खचत होतं तर अण्णाही दर वर्षी तेवढेच जास्त वाकायला हवे होते. अण्णा मान वाकवायचे ते अजून मानच वाकवत होते.

घरी येऊन खिळ्यावरची दोरी काढली. आई मागं मागं शेडमध्ये आली. अण्णा कामावरून नुकतेच आले होते, तेही आले. मामांना म्हटलं, "आडवे व्हा."

"परत?"

"परत."

मी डोक्याशी गाठ धरली. आई टाचेकडं गेली आणि तिथंच बसून राहिली. दोरी पुन्हा ओढून बघितली.

"काय झालं गं?"

"पुरत नाय," आई म्हणाली. "दीड बोट कमी पडतीय." मग घाईघाईनं, "दोरी आटली असंल. किती दिस लोंबतीय."

अण्णांनी दोरी हातात घेतली. अंगठ्यानं चोळली. आयुष्यभर त्यांनी तसली दोरी धरून विटांच्या ओळी सरळ केल्या होत्या. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

"नायलॉनची हाय," ते हळू म्हणाले. "ही आटत नाय."

मामा जमिनीवर पडून वर बघत होते. त्यांना आम्ही तिघंही दिसत नसणार. आम्ही त्यांच्या बाजूला होतो.

"म्हंजी," ते छताला म्हणाले, "शेठचा टेप खरा व्हता?"

मी सगळं सांगितलं. मॅडमनी सांगितलेलं आणि नंतर अभ्यासिकेत बसून वाचलेलं. बाजूची नजर गेली, आता समोरची जाईल. अंग वाढत राहील आणि हृदयाला एवढं अंग झेपणार नाही. ऑपरेशन होतं. मामांनी मध्ये एकच प्रश्न विचारला, आणि तो प्रश्न मी अजून विसरलेली नाही.

"कुठपत्तर वाढंल?"

"पुस्तकात तसं काही लिहिलेलं नाही, मामा."

 शेडच्या बाहेर एक ट्रक रिव्हर्स घेत होता, त्याचा पीं पीं आवाज येत होता. "लहानपणी मला वाटायचं," मामा म्हणाले, "एक दिस सकाळी उठीन आन् ते थांबलेलं असंल. मग थांबलं, असंच धरून चाललो व्हतो. थांबव, कॉलेज. मला कुठंतरी थांबायचंय."

शेठला सांगायला मी आणि मामा दोघं गेलो. शेठ वाईट माणूस होता असं मी लिहिणार नाही. औषधाला तो कधी नाही म्हणाला नव्हता. पण तो म्हणाला, "वाढ थांबवायची? मग पाटीवर काय लिहू? नजर गेली तर जाऊ दे रे. तुला कुठं बघायचंय? बघायचंय लोकांना."

मामांनी मनात बारा मोजले असावेत. शेठच्या त्या ऑफिसच्या खोलीत ते खुर्चीवरून उठले, सावकाश, तंबूत उठायचे तसे. छत बुटकं होतं. मान छताला टेकली, तरी ते उठतच राहिले, मान वाकडी होईपर्यंत. शेठ मागं सरकला.

"लिवा," मामा म्हणाले, "संपला खेळ."

बाहेर पडताना शेठचा आवाज मागून आला, स्वतःशीच बोलल्यासारखा, "आन् मी येड्यासारखा टेप कापत बसलो..."

मुंबईच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात अण्णा आणि मी घेऊन गेलो. तिथले सगळे फॉर्म मी भरले. अण्णा दर वेळी बाजूच्या माणसाला सांगायचे, "आमची पोरगी बीएस्सीला हाय." 'नातं' अशी एक रेघ होती, तिथं मी 'भाची' लिहिलं आणि सही केली. तीच माझी पहिली सही जिच्यावर कुणाचं तरी काही अवलंबून होतं.

वॉर्डात शिकाऊ डॉक्टरांची रांग लागली. "हितंबी दर्शन," मामा पुटपुटले. मोठे डॉक्टर म्हणाले, "उभे राहा जरा." आणि मामा सवयीनं उठले, बारा आकड्यांत. चारपर्यंत दोघी-तिघी कुजबुजत होत्या. सहाला गप्प झाल्या. बाराला एक चष्मेवाला डॉक्टर मागं सरकला आणि त्याच्या हातातली फाइल पडली. मामांनी माझ्याकडं पाहून डोळा मारला. मला हसू आलं आणि अंगावर काटाही.

ऑपरेशन नाकातून केलं. वस्तीत कुणाचा विश्वास बसेना. "एवढ्या माणसाला? नाकातनं?" गाठ निघाली, थोडी राहिली तिला औषध-इंजेक्शनं चालू झाली. चार-पाच दिवसांनी डॉक्टर त्यांच्यासमोर उभे राहून एक हात बाजूला नेऊन बोटं दाखवत होते. मी डावीकडं खिडकीशी उभी होते. मामा एकदम बोलायचे थांबले.

"काय झालं?"

"डाव्या अंगाला," मामा म्हणाले, "तू उगवलीस."

उजवी बाजू पूर्ण कधी आली नाही. पण डावी आली.

त्यानंतर त्यांनी विटांच्या कारखान्याच्या वजनकाट्यावर काम धरलं. राखेचे आणि विटांचे ट्रक काट्यावर चढतात, छोट्या खोलीत बसलेला माणूस खिडकीतून चिठ्ठी देतो. तो माणूस मामा. ड्रायव्हरांना खिडकीत फक्त एक चेहरा दिसायचा, मोठ्या जबड्याचा. बसलेल्या माणसाची उंची कुणी विचारत नाही. एकदा एक ड्रायव्हर चिठ्ठीवरून भांडला, "काटा खोटा हाय तुमचा!" मामा खिडकीतून म्हणाले, "भाऊ, खोटं माप कसं असतं ते मला इचार. हे खरं हाय." ऑपरेशननंतर त्यांना दाढी आली, औषधांनी. पहिल्यांदा दाढी करायला ते आईचा छोटा आरसा मागून घेऊन ओट्यावर बसले. खाली. आमच्या उंचीवर.

मी पदवीधर झाले तेव्हा त्यांनी माझ्या प्रमाणपत्राची झेरॉक्स मागितली आणि शेडमध्ये त्यांच्या आरशाशेजारी लावली. "येवढ्या उंचीवर कुणाची डिग्री नसंल," म्हणाले. मला ती कधीच वाचता आली नाही. खालून फक्त चौकट दिसायची.

ऑपरेशनच्या वेळी अण्णांनी नवी दोरी कापली होती, त्याच पिवळ्या गुंडाळीतली. दर दिवाळीनंतरच्या रविवारी मामा झरोक्यातून विचारायचे, "काय कॉलेज, खाली सगळं बरं हाय ना? मग आण दोरी." मी डोक्याशी, आई टाचेशी. पहिल्या वर्षी आईनं बोट दोनदा लावून पाहिलं. पुरली. दुसऱ्या वर्षी पुरली. नंतर नंतर तर मामा आडवे पडूनच गप्पा मारायचे आणि आई म्हणायची, "हलू नका हो भाऊ, बोट चुकंल."

मागच्या मार्चमध्ये सकाळी झरोक्यातून हात आला नाही. भाकरी थंड झाली. आई दोनदा झरोक्याकडं बघून आली, मग मला म्हणाली, "तू जा." शेडचं दार नुसतं लोटलेलं होतं. मामा खाटेवर होते. अडीच बोटं जागा पायाशी शिल्लक होती. डॉक्टर म्हणाले, हृदय. त्याचं मोठं होणं ऑपरेशनच्या आधीच होऊन गेलं होतं, ते कुणाला मागं फिरवता आलं नाही.

तासाभरात गल्ली भरली. आमच्या वस्तीचीच माणसं असती तर ठीक. पण कुठून कुठून आली, मोबाइल वर धरून. एक पोरगा पत्र्यावर चढला. अंत्यदर्शन असतं ना, ते मागत होते. मामांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, "मेल्यावर दर्शनबिर्शन नको. लय दर्शन दिलंय मी." आईनं शेडचं दार ओढलं आणि पाठ लावून उभी राहिली. पाच फुटांची माझी आई.

"बघायला काय हाय? माझा भाऊ हाय. घरी जा."

कुणीतरी मागून ओरडलं, "अहो, एकच फोटो!"

"तुझ्या खिशात हाय की आधीचा. त्याला डोकं जोड जा," आई म्हणाली.

तिरडी बांधणारा आत आला. तयार तिरडी पुरणार नव्हती. त्यानं बांबू खाली ठेवले आणि मापासाठी इकडं तिकडं पाहिलं. त्याला पुढं व्हायला धीर होईना. अण्णाही भिंतीशी टेकून उभे होते. मी घरी गेले, खिळ्यावरची दोरी काढून आणली आणि त्याच्या हातात दिली.

"कधीचं माप?" त्यानं विचारलं.

"सहा वर्षांचं."

"तसं चालायचं नाय, बाई. आत्ताचं घ्यावं लागंल."

मग मी डोक्याशी बसले. आई दार सोडून आत आली, दाराशी अण्णा गेले. आई टाचेशी बसली. वर आरशात छताचा पत्रा होता आणि भोकातून येणारं ऊन. आम्ही दोरी ताणली. मामा या वेळी बोलत नव्हते, हलत नव्हते, म्हणून आईचं बोट नीट लागलं.

"पुरली?" मी विचारलं.

"पुरली," आई म्हणाली.

एक बोट कमी नाही, एक बोट जास्त नाही. सहा वर्षं मामांना कुणी तिकीट काढून पाहिलं नाही, आणि सहा वर्षं मामांची उंची वाढली नाही.